कमरेवरच्या फुल्या

दवाखान्यात तुम्ही काय करता असं कुणी विचारलं की मी 'धरते' असं सांगते. मावशी म्हणजे झाडणारी, पुसणारी, चादरी बदलणारी, एवढंच लोकांना ठाऊक असतं. ती कामं मी करतेच, त्यांची मला लाज नाही. पण लातूरच्या या बाळंतपणाच्या दवाखान्यात माझं खरं काम धरायचं. बाईच्या पाठीत सुई देताना तिला समोरून धरायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कळा कमी करायची एक सुई असते. ती कमरेत, मणक्यांच्या फटीतून देतात. सुईवाटे एक बारीक नळी आत सरकवतात, सुई काढून घेतात, नळी पाठीला चिकटवून ठेवतात आणि तिच्यातून थोडं थोडं औषध देत राहतात. बाई जागी असते, बोलते, पोट कडक झालेलं तिला कळतं, पण कळेची धार पुष्कळ जाते. फक्त सुई देताना बाईनं पलंगाच्या कडेला बसून हनुवटी छातीला लावायची, पाठ मांजरासारखी बाहेर काढायची आणि मग हलायचं नाही. भर कळांमध्ये हलू नको हे सांगणाऱ्याला सोपं. म्हणून मी समोर उभी राहते. तिचं कपाळ माझ्या खांद्यावर, माझे हात तिच्या दंडांवर. डॉक्टर तिच्या पाठीमागे. कळ यायला लागली की तिची बोटं माझ्या कमरेत रुततात. मी मान हलवते, डॉक्टर थांबतात. कळ ओसरली की पुन्हा मान हलवते.

इतकी वर्षं झाली तरी दर वेळी मनात येतंच. ही हलली तर? मीच चुकीच्या वेळी मान हलवली तर? मी जातीचीच भित्री. घराला कुलूप लावून गल्लीच्या टोकाला गेले की परत येऊन कुलूप ओढून बघते. आमच्या मॅडमना, म्हणजे दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना, हे माहीत आहे. त्या म्हणतात, भित्रं माणूस पकड सोडत नाही, म्हणून तुम्हालाच उभं करते.

मी धर्माबादकडची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि शाळा सहावीत सुटलेली. मालकाला इथं डाळमिलमध्ये काम मिळालं म्हणून लातूरला आले. तेव्हा मला इथलं बोलणं पुरतं समजत नव्हतं आणि माझं बोलणं ऐकून लोक हसत. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला कामावर घेतलं, हात कसे धुवायचे इथपासून शिकवलं. आज मी चार अक्षरं लिहिते तीही त्यांनी दवाखान्यातल्या पाट्या वाचायला लावल्या म्हणून. हे उपकार मी विसरत नाही.

माझ्या स्वतःच्या दोन्ही बाळंतपणांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. दुखतंय का एवढंही नाही. इथं विचारतात. सुई पाहिजे का, तोंडावर धरून ओढायचा गॅस पाहिजे का, मांसात द्यायचं इंजेक्शन पाहिजे का, की काहीच नको. गॅसनं कळ जात नाही, पण ती लांबून आल्यासारखी वाटते. इंजेक्शननं गुंगी येते, पण बाळ यायची वेळ जवळ असेल तर ते टाळतात, कारण बाळालाही गुंगी येते. काहीच नको म्हणणाऱ्याही बऱ्याच असतात आणि त्या काही कमी शहाण्या नसतात. ठरवायचं ते जिचं दुखतं तिनं, ही मॅडमची पहिल्या दिवसापासूनची ताकीद. मला कुणी 'मावशी, तुम्ही काय म्हणता' असं विचारलं की मी पाणी आणायला जाते.

नातेवाइकांच्या तऱ्हा मात्र ऐकण्यासारख्या. मुदखेडच्या एका आजोबांनी भुलीच्या डॉक्टरांना विचारलं होतं, "सुनंला सुई दिली तर नातू झोपलेलाच निघंल का?" एक सासूबाई सुनेला सुई नको म्हणून वाद घालत होत्या. सुनेनं घेतलीच, आणि ती आरामात चहा पिताना बघून बाई माझ्या कानाशी आल्या. "ही सुई गुडघ्यात देतेत का वं?"

आणि कळेच्या भरात बायका हाक मारतात ती एकीलाच. आमच्या बाजूची असली तर अम्मा, कर्नाटकच्या शिवेवरची असली तर अव्वा, आणि इथली असली की माय. ही हाक ऐकू आली की मला काळजी कमी वाटते. गप्प बाईची मला जास्त भीती वाटते.

शीतलची गोष्ट मी अजून कुणाला पुरती सांगितलेली नाही.

शीतल अहमदपूरजवळच्या खेड्यातली. नवरा राहुल एसटीत कंडक्टर. ही दुसरी खेप. पहिल्या वेळी दुसऱ्या एका गावी तिच्या कळा सरता सरेनात. बाळ धडधाकट झालं, पण शीतलनं कितीतरी दिवस त्याला जवळ घेतलं नाही. ते रडलं की हिच्या अंगाला कापरं भरायचं. तिची आई, कमळबाई, त्याला पेल्यानं दूध पाजायची. पुढं सगळं ठीक झालं, पोरगं आता आईचा पदर सोडत नाही. पण तो काळ शीतलच्या मनात रुतून बसला होता. तपासणीला यायची तेव्हा तिनंच मला सांगितलं, "मावशी, मी ह्यांना बोलले, दुसरं पाहिजे तर सुई मिळंल तिथंच. न्हाईतर एकावर बास."

राहुलनं चौकशा करून हा दवाखाना शोधला. दोघं भुलीच्या सरांना आधी भेटले. कंबर जन्मभर दुखते का, पाय लुळे पडतात का, दूध आटतं का, शीतलनं सगळं विचारून घेतलं. सरांनी सगळ्याची उत्तरं दिली. इतकी तयारी करून आलेली बाई मी क्वचित बघितली.

कळा सुरू झाल्यावर ती सकाळी आली ती हसत. "मावशी, ह्या खेपंला मी तुमच्यासंगं गप्पा मारीत बाळंत होणार. मागल्या वेळंला मपला आवाज पार स्टँडवर गेला आसंल."

"गेला व्हता," राहुल म्हणाला. "दोन गाड्या लेट सुटल्या."

कमळबाई पिशवी सांभाळत मागं उभ्या होत्या. किडकिडीत बाई, पण मनगटं रुंद. लेक सातव्या महिन्यापासून त्यांच्याकडंच होती. सुईवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता, तरी त्या म्हणाल्या, "तिला पाहिजे तर घेऊ द्या बाई. तिचा जीव शांत तर सगळं शांत." लेकीसोबत आत त्याच बसणार असं ठरलं होतं.

मॅडमनी तपासलं, म्हणाल्या, आता सरांना बोलवा. मी शीतलला कडेला बसवलं, मांडीवर उशी दिली, आणि पाठ साफ करायला गाऊनच्या मागच्या नाड्या सोडल्या.

माझे हात तिथंच थांबले. माकडहाडाच्या वरपासून, मणक्याच्या दोन्ही अंगांना आणि मधोमध, काळ्या फुल्या. भोवतीची कातडी लाल होऊन सुजलेली. काही फोड फुटून त्यांतून पाणी गळत होतं, कडेला पिवळं धरलं होतं.

"शीतल, हे काय गं?"

"ते होय? बिब्बा. मायनं घातला परवा. कंबर लई धरली व्हती, बसवंना का निजवंना. आता आग व्हायली थोडी, पण कंबर मोकळी झाली बघा."

आमच्या भागात बिब्बा कुणाला सांगायला लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. ते एक काळं फळ. त्याचं तेल जहाल. सुईच्या टोकावर घेऊन दुखऱ्या जागी फुली मारतात. पाय मुरगळला, कंबर धरली, की घरोघरच्या बाया आधी बिब्बा काढतात. कुणाला सोसतो, कुणाला उततो. उतला की कातडी भाजल्यासारखी होते. शीतलला उतला होता, आणि उतला होता नेमका तिथं जिथून सुई जाते.

मागच्या तपासणीला तिची पाठ स्वच्छ होती. सुईची इतकी माहिती आम्ही तिला दिली, पण कमरेला काही लावू नका हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. आता नववा लागला की मी प्रत्येकीला, तिच्या आईसमोर, विचारते. तेव्हा विचारत नव्हतो.

मी मनात म्हणाले, सरांना एवढीशी तरी कोरी जागा सापडू दे.

सर आले. हे उदगीरकडचे. पाठ बघताच हळूच म्हणाले, "बिब्बा." म्हणाले, माझ्याही घोट्यावर आहे, आजीनं घातलेला. मग दिवा जवळ ओढला. हातमोज्याच्या बोटानं खालून वर एकेक फट दाबून बघितली. मॅडमना बोलावलं. दोघंही वाकून बघत राहिले. माझ्या खांद्यावर कपाळ टेकलेली शीतल म्हणाली, "झाली का सुई? कळलंबी न्हाई मला."

सर नेहमी पाठीमागून बोलतात. त्या दिवशी ते पुढं आले, स्टूल ओढून तिच्यासमोर बसले.

"शीतल, सुई देता येणार नाही."

ती हसली. तिला वाटलं चेष्टा आहे. सरांनी समजावलं. फोडांत जंतू झालेत, सुई त्यातून गेली तर जंतू मणक्याच्या आत जातील, तिथं एकदा गेले की फार वाईट.

"जरा वर द्या."

"जिथून द्यायची तेवढ्याच भागात उतलंय. कोरी जागा मिळाली असती तर दिली असती."

"मला आग झाली तर चालंल. द्या फोडातून."

"तुम्हाला चालेल. मला चालणार नाही."

"मंग पोट कापा."

मॅडम म्हणाल्या, "बाळ अडलं किंवा त्याचे ठोके बिघडले तर कापीन, थांबणार नाही. पण त्यालाही पाठीतच सुई लागते, नाहीतर पूर्ण बेशुद्ध करावं लागतं. आज तुझं सगळं नीट चाललंय. गॅस आहे. इंजेक्शनची वेळ मात्र आता टळत आली."

"गॅसनं सुईएवढं कमी व्हतं का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

त्या खोटं बोलल्या नाहीत. त्या वेळी मला वाटलं होतं, थोडं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं.

शीतलनं माझी बाही घट्ट धरली. आवाज अगदी बारीक झाला होता. "मावशी, पुन्हा तसंच झालं तर? हे बी लेकरू मला जवळ घेववलं न्हाई तर?"

या प्रश्नावर पाणी आणायला जाणं मला जमलं नाही. तेवढ्यात कळ आली. तिनं तोंड उघडलं, 'मा' एवढंच आलं, आणि पुढचं तिनं दात आवळून गिळलं. कळ गेल्यावर म्हणाली, "गॅस द्या. आन् मायला आत येऊ देऊ नका."

मॅडमनी राहुलला बाजूला घेऊन सांगितलं. कमळबाईंना सांगायची पाळी माझ्यावर आली. मी दाराबाहेर गेले तर त्याच पुढं आल्या. "दिली का सुई? आता पडली आसंल निवांत."

"अक्का, सुई देता आली न्हाई."

"का वं? डाक्टर तर आलते की."

राहुल भिंतीकडं बघत होता. मला वाटलं काहीतरी सांगून वेळ मारून न्यावी. मग वाटलं, हे लेकीच्या तोंडून कळलं तर त्याहून वाईट. मी सांगितलं. आवाज होईल तितका खाली ठेवून, फोड, जंतू, सगळं सांगितलं.

"बारीकच लावला व्हता. वरून तूप लावलं व्हतं," त्या म्हणाल्या. आणि मग, "कंबर धरून रडायली व्हती वं ती. मला बघवंना."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलं अक्का."

"मला आत जाऊ द्या."

"ती नको म्हणायली."

खुर्ची होती, तरी त्या भिंतीला टेकून खाली फरशीवर बसल्या. राहुल म्हणाला, "मामी, वर बसा." त्या हलल्या नाहीत. तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग त्यांच्या शेजारी फरशीवरच बसला.

आत शीतल गॅस ओढत होती. त्याचा मुखवटा बाईनं स्वतःच्या हातानं धरायचा असतो. गुंगी जास्त झाली की हात आपोआप खाली येतो, गॅस तुटतो. म्हणून मी तो धरायचा नाही. तिला थोडा फरक पडत होता. पण बाळाचा भार पाठीवर होता, आणि दर कळेला ती एकच शब्द बोलत होती. "कंबर. मावशी, कंबर."

अशा बाईच्या कमरेत मी तळहाताची टाच रोवून दाबते. तेवढ्यानंही बाईला पुष्कळ बरं वाटतं. सवयीनं माझा हात तिकडं गेला आणि हवेतच राहिला. तिथं बोटसुद्धा लावता येत नव्हतं.

दुसरी एक रीत मॅडमनी शिकवली आहे. बाईला पलंगाच्या उशाला टेकवून पुढं झुकवायचं आणि दोन्ही कुल्ल्यांची हाडं दोन्ही बाजूंनी एकमेकांकडं दाबायची. पाठीला हात लागत नाही. पण त्याला जोर लागतो, आणि कळ पुरी होईपर्यंत सोडून चालत नाही. मी दाबत राहिले. सिस्टर दुसऱ्या बाईपाशी अडकलेल्या. काही कळांनंतर माझे दंड थरथरायला लागले. तिला ते कळलं, कारण तिनं मुखवटा खाली घेऊन मागं बघितलं.

"मपला जोर कमी पडायला शीतल. राहुलला बोलवू का?"

"त्यांना बघूनच चक्कर येईल."

पुढच्या कळेला माझे हात मधेच सुटले. ती ओरडली ती ओरड मला अजून ऐकू येते. मला वाटलं, झालं, आता ही मागल्यासारखीच खचली. तिची नजर एका जागी थिजायला लागली होती, कुणाकडंच न बघणारी. आणि बाळाला ती आज जवळ घेणार नाही, हे मी मनाशी धरूनही टाकलं.

कळ उतरल्यावर ती दम खात म्हणाली, "तिला बोलवा."

"कुणाला?"

"मायला. तिच्या हातात जोर हाय. पण बोलायचं न्हाई म्हणावं. एक शब्द न्हाई."

मी बाहेर जाऊन सांगितलं. कमळबाईंचे हात कोपरापर्यंत धुवून घेतले आणि त्यांना आत आणलं. त्यांना लेकीची पाठ दिव्याच्या उजेडात दिसली. त्यांचं तोंड उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचे पंजे मी धरून दोन्ही कुल्ल्यांवर बसवले. "इथं. मधे हात जाऊ द्यायचा न्हाई."

"दाब," शीतल म्हणाली.

त्यांनी दाबलं. ती मनगटं बघून मला हेवा वाटला.

"खाली. आजून खाली. हां. सोडू नको." कळ गेली. "सोड."

असं चाललं. दाब, सोड, याशिवाय दोघींत काही नाही. कमळबाईंच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून गळत होतं. हात मोकळे नव्हते म्हणून पुसता येत नव्हतं, मग मीच पुसलं. मी समोर जाऊन शीतलचं कपाळ खांद्यावर घेतलं. सुई नव्हती, तरी माझी जागा तीच होती. दुखणं कमी झालं होतं असं मी म्हणणार नाही. पण ती आता आमच्यात होती. एकदा तर कळ संपल्यावर म्हणाली, "मावशी, गप्पा मारायच्या व्हत्या ना आपल्याला," आणि मला हसावं की रडावं कळेना.

दुपार कलताना मुलगी झाली. रडली ती दणकून. मला त्या रडण्याचीच भीती होती. मॅडमनी लेकरू पुसून वर धरलं आणि मी शीतलच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं डोळे मिटले. मिटलेलेच ठेवले. मला वाटलं, नाहीच.

"कितीक येळ धरता मॅडम तिला," ती डोळे न उघडता म्हणाली. "आणा हिकडं."

लेकरू छातीवर ठेवलं. तिचा हात आपोआप त्याच्या पाठीवर गेला. कापत होता, पण काढला नाही.

त्यानंतरही ती आईशी बोलली नाही. खोलीत नेलं, राहुल येऊन बघून गेला, लेकरू प्यायला लागलं, तरी नाही. कमळबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या. उन्हं खिडकीत आली तेव्हा मी फोडांवर लावायचं मलम घेऊन गेले. शीतल कुशीवर होती, लेकरू अंगाला लागलेलं. मी गाऊन सारला.

"राहू द्या मावशी," ती म्हणाली. "तिला लावू द्या."

कमळबाईंनी हात मागं घेतले. "मी न्हाई. मपल्या हातानं आता न्हाई."

"मंग कुणाच्या? मला मागं दिसतंय का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मलम त्यांच्या बोटावर ठेवलं, सांगितलं, चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं. त्या वाकल्या. बोट टेकवायच्या आधी त्यांनी त्या फोडांवर हळूच फुंकर घातली.

"फुंकू नको," शीतल म्हणाली. "फुंकायचं नसतं म्हणं."

कमळबाई तशाच थांबल्या, बोट हवेत धरून.

"लाव की आता," शीतल म्हणाली. "हळू."